दहावा माणूस

शिंदे घाटाच्या वरच्या पायरीवर बसलं की खाली रत्नेश्वराचं कललेलं देऊळ दिसतं. कार्तिकात पाणी उतरायला लागलेलं असतं, पण गाभाऱ्यात गाळ असतोच. वर्षातले कितीतरी महिने हे देऊळ अर्धंमुर्धं पाण्यात असतं, नित्याची पूजा तिथे होऊ शकत नाही. काशीतल्या हजारो देवळांपैकी जिथे पूजा होत नाही, त्याच देवळाचे फोटो बहुधा सर्वांत जास्त काढले जात असतील. नावाडी प्रवाशांना गोष्ट सांगतात : कुणा एकाने आईसाठी हे देऊळ बांधलं आणि म्हणाला, ‘आता तुझं ऋण फिटलं.’ आईने शाप दिला, देऊळ कललं. म्हणून याला मातृऋणाचं देऊळही म्हणतात.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे. या वेळी ती जरा जास्त ऐकू आली, कारण माझ्या पिशवीत एक कागद होता आणि त्यावर मला आईच्या हिश्शाची सही करायची होती.

घाटाच्या वर, संकठादेवीकडे जाणाऱ्या गल्ल्यांमध्ये, माझ्या आजोळचा वाडा आहे. चौकात विठ्ठलाचं लहानसं देऊळ. आई तिथे वाढली आणि लग्न होऊन कोकणात आली. आजोबांच्या पाच मुलांपैकी काशीत टिकले ते एकटे मामा. मामांचा मुलगा १९८६ साली नोकरीसाठी पुण्याला निघाला तेव्हा मामा त्याला म्हणाले होते, ‘तू गेलास म्हणजे देऊळ गेलं.’ तो गेला. मामा त्यानंतर तेवीस वर्षं जगले, रोज पूजा केली, मुलाशी पत्राने बोलत राहिले, पण ते वाक्य त्यांनी कधी मागे घेतलं नाही. आता वाडा विकायचा ठरला आहे. घेणाऱ्याला तिथे गेस्ट हाउस करायचं आहे.

आणि १९८६ साली त्या मुलाला ‘तू जा, इथे कुजू नकोस’ असं चार पानी पत्र लिहिणारी मीच होते.

म्हणून प्रश्न माझा आहे. एखादी लहान वस्ती, तिची भाषा, तिचं देऊळ शेवटच्या काही माणसांवर येऊन ठेपलेलं असतं, तेव्हा त्यातला एकजण निघून जातो. तो अपराध करतो का? आणि त्याला जा म्हणून सांगणारा?

या प्रश्नाशी माझी पहिली गाठ पडली ती काशीत नव्हे, कुलाबा जिल्ह्यात. रायगड हे नाव त्या जिल्ह्याला १९८१ साली मिळालं, त्याच्या बरंच आधीची ही गोष्ट. वडील पोस्टमास्तर होते. आमच्या गावात इस्राएल आळी होती आणि आळीच्या टोकाला मशीद. सिनेगॉग हा शब्द मी फार उशिरा ऐकला. तिथले बेने इस्राएल स्वतःच मशीद म्हणत. शेजारी एक निवृत्त शाळामास्तर राहायचे, आम्ही त्यांना मास्तरकाका म्हणायचो. शुक्रवारी संध्याकाळी ते एसटी स्टँडवर जाऊन उभे राहत. पेणची गाडी आली की कोण उतरतं ते बघत. दुसऱ्या दिवशी शब्बाथ, म्हणजे गाडीने कुणी यायचं नाही. जो काय यायचा तो शुक्रवारीच. मला वाटायचं पाहुण्यांची वाट बघतात. वडिलांनी सांगितलं, ‘त्यांना दहा लागतात.’

दहा प्रौढ पुरुष जमल्याशिवाय ज्यूंची सामुदायिक प्रार्थना पुरी होत नाही. याला ते मिनयान म्हणतात. नऊ असले तर नऊजण आपापली प्रार्थना म्हणू शकतात, पण काही भाग गाळावे लागतात. तोराहची गुंडाळी बाहेर काढून समुदायात वाचता येत नाही, मेलेल्यांसाठी म्हणायचा कद्दीश म्हणता येत नाही. मास्तरकाकांच्या पत्नी वारल्या त्या वर्षी ते स्टँडवर उन्हाळ्यातही लवकर जाऊन उभे राहत, एवढं मला आठवतं. त्याचा अर्थ तेव्हा कळला नव्हता.

माणसं थेट मोजायची नाहीत अशीही त्यांच्यात रीत. एक, दोन, तीन म्हणण्याऐवजी दहा शब्दांचं एक वचन म्हणायचं, माणसागणिक एक शब्द. आमच्याकडे धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत, त्यातलाच हा भाव असावा. मोजलं की कमी होतं, ही भीती शेतकऱ्याला आणि अल्पसंख्याकाला सारखीच.

दहा हा आकडा कुठून आला याची तालमूदमधली उपपत्ती गमतीची आहे. मोशेने वचनभूमी बघून यायला बारा हेर पाठवले. दोघांनी चांगलं सांगितलं, दहाजणांनी लोकांचं अवसान घालवलं. त्या दहाजणांना उद्देशून ‘ही मंडळी’ असा शब्द आला आहे, म्हणून मंडळी म्हणजे दहा. समाज कशाने होतो याचा दाखला शोधायला गेले आणि सापडले ते दहा कुरकुरे. मला हे फार खरं वाटतं. मिश्नामध्ये मोठ्या गावाची व्याख्याही अशीच : जिथे दहा रिकामे पुरुष सापडतात, प्रार्थनेला केव्हाही हजर राहतील असे, ते मोठं गाव. या हिशेबाने काशीएवढं मोठं गाव पृथ्वीवर नसेल. मी बसले होते त्या पायऱ्यांवरच तीन मिनयान भरतील इतके रिकामे पुरुष होते.

मास्तरकाका जाणाऱ्यांवर चिडत. इस्राएल राष्ट्र झालं १९४८ साली, त्या सुमारास भारतात बेने इस्राएल वीस हजारांच्या घरात होते. पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक गेले. आमच्या आळीतून एकेक घर बंद होत गेलं. वडिलांच्या हातून निळी हवाई पत्रं जात-येत, त्यामुळे पुढचं कोण निघणार हे त्यांना आधी कळे आणि ते कुणाला सांगत नसत. मास्तरकाका म्हणायचे, ‘अकरावा गेला तर मी त्याला हार घालीन. दहावा गेला तर त्याचं तोंड बघणार नाही.’ पुढे मुलांनी त्यांना बोलावून घेतलं. ते निघाले तेव्हा गावात किती उरले होते, ते मी विचारलं नाही. वडिलांनी विचारलं असेल, पण ते पोस्टमास्तर होते.

अकरावा आणि दहावा. दोघंही तेच करतात : सामान बांधतात, गाडीत बसतात, हात हलवतात. अकराव्याच्या जाण्याने काही बिघडत नाही, दहाव्याच्या जाण्याने नऊजणांची प्रार्थना बंद पडते. मग दहाव्याचं जाणं जास्त वाईट? वरवर बघता हो. कृतीचं मोल तिच्या परिणामावर ठरवायचं म्हटलं तर सरळ हिशेब आहे. पण जरा थांबून बघा. अकरावा आधी गेला म्हणून तर हा दहावा ‘दहावा’ झाला. बारावा गेला म्हणून तो अकरावा झाला. जाण्याचा क्रम हा कुणाचं लग्न कधी ठरलं, कुणाला व्हिसा कधी मिळाला, कुणाच्या आईने डोळे कधी मिटले यावर ठरतो. जो उशिरापर्यंत राहिला, ज्याने इतरांपेक्षा जास्त वर्षं शुक्रवार-शनिवार सांभाळले, तोच शेवटी अपराधी. ही कसली नीती, जिच्यात जास्त राहिल्याची शिक्षा मिळते?

आमच्या वाड्यात हेच झालं. आई गेली तेव्हा तिला सनईच्या सुरात निरोप दिला. मोठे मामा मुंबईला रेल्वेत लागले तेव्हा पेढे वाटले. धाकटी मावशी इंदूरला दिली, मधले मामा नागपूरला. कुणाला कुणी ‘देऊळ गेलं’ म्हणालं नाही. ते चारही वेळा थोडंथोडं गेलंच होतं, पण उरलेल्या माणसांनी ते झाकलं. माझ्या मामेभावाने काही झाकायला शिल्लकच ठेवलं नाही म्हणून त्याचं जाणं दिसलं. त्याच्या डोक्यावर पाचजणांचं जाणं बसलं.

इथपर्यंत आले की मला बरं वाटतं, आणि ज्या युक्तिवादाने इतकं बरं वाटतं त्याचा मला संशय येतो. अपराध सगळ्यांत वाटला की तो कुणाचाच राहत नाही. ‘सगळेच जात होते’ हे वाक्य मी त्या चार पानी पत्रातही लिहिलं होतं.

काशीतल्या दक्षिणी वस्तीचा इतिहास मोठा आहे, आणि मोठ्या इतिहासाचं एक असतं, की त्यात एकटादुकटा माणूस लपून जातो. पैठणच्या भट्ट घराण्याची शाखा सोळाव्या शतकात इथे आली. नारायण भट्टांनी विश्वेश्वराचं देऊळ पुन्हा उभं केल्याचं सांगतात. त्याच कुळातले गागाभट्ट १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकाला गेले. पैठणच्याच एकनाथांनी आपलं भागवत पुरं केलं ते इथे, १५७३ साली, मराठीत, पंडितांच्या गावात. मग पेशवाईत दक्षिणा, अन्नछत्रं, घाट. अहिल्याबाईंनी १७८० च्या सुमारास विश्वनाथाचं आजचं देऊळ बांधलं. नागपूरकरांचा भोसले घाट इथून लांब नाही. आणि मी बसले होते तो घाट बायजाबाई शिंद्यांचा, १८३० च्या आसपासचा. दौलतराव शिंदे १८२७ साली वारले, बायजाबाईंनी ग्वाल्हेरचा कारभार हाती घेतला, ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा खांबांचा मंडपही त्यांनीच बांधला. घाट इतका जड बांधला की जमीन खचली. पुढे तो पुन्हा बांधावा लागला. आणि बायजाबाईंना स्वतःलाच १८३३ साली दत्तक मुलाशी झालेल्या झगड्यात ग्वाल्हेर सोडावं लागलं. घाट बांधणारी बाईच बेघर झाली.

या वस्तीचं ओसरणं मात्र बेने इस्राएलांसारखं झालं नाही. इथे कुठलं राष्ट्र स्थापन झालं नाही, जहाजं भरून गेली नाहीत. काही गेले, काही हळूहळू इथलेच झाले. बाबूराव विष्णु पराडकर काशीतल्याच मराठी घरात १८८३ साली जन्मले आणि ‘आज’चे संपादक म्हणून हिंदी पत्रकारितेचे भीष्माचार्य झाले, हिंदीला त्यांनी जे दिलं ते मराठीतून वजा झालं असं मला वाटत नाही. माझ्या मामांच्या बोलण्यात शेवटी शेवटी क्रियापदं तेवढी मराठी उरली होती. ‘अगं, तरकारी आणून ठेव, भइया आत्ता येईल,’ असं बोलत. जाणं फक्त आगगाडीनेच होतं असं नाही. जागेवर बसूनही माणूस जातो.

पण खरा फरक वेगळाच आहे. आमच्या विठ्ठलाला दहा लागत नाहीत. एक पुरतो. एक माणूस, एक तांब्या, चार तुळशीची पानं. म्हणून आमचं देऊळ कधी बंद ‘पडलंच’ नाही. मशिदीला बंद पडायला एक तारीख असते : जो शनिवार नऊवर थांबला तो शनिवार. आमच्याकडे आधी पखवाज बंद झाला, कारण वाजवणारे ग्वाल्हेरला मुलाकडे गेले. मग कार्तिकातल्या काकड्याला चाळीसाचे पंधरा, पंधराचे सहा झाले. मग एकादशीचं कीर्तन दर एकादशीऐवजी आषाढी-कार्तिकीला, मग तेही नाही. यातल्या कुठल्याही दिवशी कुणी म्हणालं नाही की आज संपलं. कुणाला म्हणायची वेळच आली नाही.

कुठलं बरं? बराच काळ मला आपलंच बरं वाटायचं. एका माणसावर भागतं, म्हणजे कुणी ओलीस राहत नाही. दहाच्या नियमात क्रौर्य आहे. बरोबर दहा उरले की प्रत्येकजण दुसऱ्या नऊजणांचा कैदी होतो. आजारी पडायची सोय नाही, मुलीच्या बाळंतपणाला जायची सोय नाही. अमेरिकेतल्या लहान गावांमधल्या ज्यूंविषयी वाचताना हे फार जाणवलं. एकोणिसाव्या शतकात ते फेरीवाले म्हणून आले, पाठीवर गाठोडं घेऊन खेड्यांतून हिंडले, मग मुख्य रस्त्यावर कापडाचं दुकान टाकलं, मग दहा-वीस घरं मिळून देखणं सिनेगॉग बांधलं. मुलांना शिकवलं, आणि शिकलेली मुलं अर्थातच दुकानात बसायला परत आली नाहीत. ली शाय वाइसबाख यांनी या वस्त्यांचा सविस्तर इतिहास २००५ साली लिहिला आहे. आमच्या कापडबाजारातल्या कुठल्याही घराची हीच गोष्ट सांगता येईल. अलाबामा राज्यातल्या डोथान गावी २००८ मध्ये जाहीर झालं की जे ज्यू कुटुंब इथे येऊन राहील त्याला पन्नास हजार डॉलरपर्यंत मदत मिळेल. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसले. मग मास्तरकाका आठवले, स्टँडवर उभे असलेले. त्यांच्याकडे पन्नास हजार डॉलर असते तर त्यांनीही दिले असते.

आता मात्र मला वाटतं की त्या क्रौर्यात एक आदरही आहे. तू नसशील तर आमचं होणार नाही, हे नियमाने, आकड्याने सांगितलेलं आहे. आमच्याकडे हे कुणी कुणाला सांगत नाही. एकावर भागतं म्हटलं की तो एक कुणीतरी असेलच असं सगळे धरून चालतात. माझी आई धरून चालली, मावशी धरून चालली. मामांनी तेवीस वर्षं एकट्याने पूजा केली ती आम्हा सगळ्यांच्या ‘एकावर भागतं’वर. त्यांना ओलीस ठेवलं होतंच. फक्त ते आकड्यात लिहिलेलं नव्हतं.

आणि हेही सांगितलं पाहिजे की त्या दहांत मी मोजली गेले नसते. जुन्या रीतीप्रमाणे बाया त्यात धरत नाहीत. काही पंथांत आता धरतात. आमच्याकडे आकडा नव्हता तरी बाया धरलेल्या नव्हत्याच. आई काशीत राहिली असती तरी पूजेचा वारसा तिच्याकडे आला नसता. आज तिच्या हिश्शाची सही लागते आहे ती १९५६ च्या वारसा कायद्यामुळे. देवाने नाही मोजलं, सरकारने मोजलं. मोजलं तेही विकण्याच्या वेळी.

इथे बेने इस्राएलांची उत्पत्तिकथा मला फार मोलाची वाटते. गलबत फुटलं, नवगावच्या किनाऱ्याला सात पुरुष आणि सात बायका जिवंत लागल्या, असं ते सांगतात. सात पुरुष. म्हणजे दहा भरत नव्हते! ज्या समाजाची सुरुवातच कोरमच्या खाली झाली, तो कित्येक शतकं टिकला. पोथ्या समुद्रात गेल्या, भाषा गेली, एक ‘शमा इस्राएल’ तेवढं तोंडात राहिलं. तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. किहीमचे ते किहीमकर, रोह्याचे ते रोहेकर झाले. पुढे दाविद रहाबी नावाचा कुणी ज्यू तिथे आला, आणि हे लोक खरंच आपले का हे बघायला त्याने बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवली, रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेली मासळी वेगळी काढली, बाकीची बाजूला सारली. त्याची खात्री पटली. कथा इतिहासाला किती धरून आहे ते इतिहासकार बघतील. मला दिसतं ते एवढंच, की परीक्षा झाली ती मशिदीत नाही, चुलीपाशी. आणि उत्तर दिलं ते ज्यांना कुणी मोजत नव्हतं त्यांनी. मुंबईत पहिली मशीद झाली १७९६ साली, टिपूच्या कैदेतून सुटलेल्या सॅम्युएल दिवेकरांनी बांधली. अलिबागची १८४८ सालची. त्याआधीची सगळी शतकं दहाशिवाय गेली.

म्हणजे दहा नसले तरी समाज राहू शकतो. आणि दहाच काय, दहा हजार असले तरी आपलेपणाची खात्री नसते. इस्राएलात गेलेल्यांना १९६२ साली तिथल्या धर्मपीठाने विचारलं, की तुमच्या लग्नांत तुमची वंशावळ तपासल्याशिवाय आम्ही ज्यू कसं मानायचं? ज्यांच्या आज्यांनी मासळी निवडली होती त्यांनाच हा प्रश्न. लोकांनी निदर्शनं केली, उपोषणं केली, आणि १९६४ साली संसदेने सांगितलं की हे सर्व बाबतींत ज्यू आहेत. नंतर त्यांनीच तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी त्रैमासिक चालवलं. कोकणात ज्यू राहायला दहा लागत होते. तिकडे गेल्यावर मराठी राहायला किती लागतात हा हिशेब सुरू झाला असणार.

तर मग दहाव्याचं देणं काय? राहणं हे देणं असू शकत नाही असं मला आता वाटतं. एखाद्याचं उभं आयुष्य दुसऱ्यांच्या प्रार्थनेसाठी मागण्याचा हक्क नऊजणांना नाही, बापालाही नाही. पण जाताना तो काय करतो, हे त्याच्या हातात असतं. किल्ली कुणाच्या हातात दिली? की नुसती खिशात घालून गेलो, आणि पुण्याहून पंधरा-वीस वर्षं ‘आमचं काशीचं देऊळ’ म्हणत राहिलो?

मिसिसिपीतल्या पोर्ट गिब्सन गावात १८९१ च्या सुमारास बांधलेलं, घुमटाचं, मूरिश कमानींचं सिनेगॉग आहे. गावातले ज्यू संपले, इमारत पाडायची वेळ आली, तेव्हा एका ख्रिस्ती जोडप्याने ती विकत घेऊन वाचवली. कोलकात्याच्या सिनेगॉगांची देखभाल पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान करत आले आहेत. हे लोक त्या दहांत कधीच धरले जाणार नाहीत. पण दार उघडणारे तेच आहेत, आणि त्यांना कुणी स्टँडवर उभं राहून शोधलेलं नव्हतं.

आमच्या वाड्यात दार उघडतो तो खालच्या गल्लीत फुलं विकणाऱ्या बाईंचा मुलगा. मामा आजारी पडले तेव्हापासून तो येतो. आधी पाणी आणून द्यायचा, मग फुलं, मग मामांनी हात धरून शिकवलं तसं स्नान घालणं, आणि मामा गेल्यावर सगळंच. त्याला मराठी येत नाही. पण काकड्याची आरती त्याला मराठीत पाठ आहे, मामांच्या उच्चारांसकट. मामा ‘ळ’चा जरा ‘ल’ करायचे, तोही करतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला, आणि दुसऱ्याच क्षणी मनात आलं : याला काय अधिकार? हा विचार माझ्या मनात आला हे मी लपवत नाही. ज्या मुलाने पंधरा-सोळा वर्षं एक सकाळ चुकवली नाही त्याच्या अधिकाराबद्दल मी विचारत होते. आणि मी कोण, तर तीन वर्षांतून एकदा येऊन प्रसादाचे फोटो काढणारी.

खरेदीच्या मसुद्यात देवळाचा उल्लेख ‘चौकातील लहान बांधकाम’ असा होता. घेणारा माणूस वाईट नाही. म्हणाला, मूर्ती आम्ही लॉबीत ठेवू, परदेशी पाहुण्यांना आवडतं. मी वकिलांना सांगितलं की मसुद्यात एक कलम घाला : चौक आणि देऊळ जसंच्या तसं राहील, रोज पहाटे आणि संध्याकाळी अमुक माणसाला पूजेसाठी ये-जा मोकळी राहील, त्याच्यानंतर तो नेमेल त्याला. वकील म्हणाले, होतं, पण भाव उतरेल. किती, तेही त्यांनी सांगितलं. आकडा लहान नव्हता.

रात्री मामेभावाला फोन केला. तोही आता साठी ओलांडलेला. कलमाचं सांगितलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘ताई, बाबांनी त्याला शिकवलं. मला कधी शिकवलं नाही. मी विचारलंही नाही म्हणा.’

मी म्हटलं, ‘ते पत्र मी लिहिलं होतं तुला. तू जा म्हणून.’

‘पत्र यायच्या आधीच मी तिकीट काढलं होतं,’ तो म्हणाला. ‘तुला कधी सांगितलं नाही. तुला वाटत होतं तुझ्यामुळे गेलो, मला वाटलं असू दे, बाबांच्या पुढे कुणीतरी सोबतीला.’

मला हसावं की रडावं कळेना. चाळीस वर्षं जे ओझं मी वागवत होते ते त्यानेच माझ्याकडे ठेवायला दिलं होतं. पैशाचं तो म्हणाला, ‘नागपूरवाल्यांशी मी बोलतो. इंदूरच्या तायडीचं सांगता येत नाही, तिला मुलाच्या घराचं कर्ज आहे.’ तिचंही खरंच होतं. देवळासाठी तिचे पैसे कमी करायचे, हे ठरवणारी मी कोण, हा प्रश्न तसाच उरला, आणि तो अजून सुटलेला नाही. ती ‘नाही’ म्हणाली तर तिचा तोटा मी आणि मामेभावाने भरून द्यायचा, एवढं फोन ठेवायच्या आत ठरलं.

पहाटे काकड्याला गेले. गंगेच्या बाजूने गार वारा येत होता. पंचगंगेकडे बांबूंवर टांगलेले कार्तिकातले आकाशदीप विझत आले होते. चौकात आम्ही तिघं होतो : तो मुलगा, त्याची आई आणि मी. त्याने माझ्या हातात टाळ दिले. मला ठेका नीट येत नाही, आईला यायचा. दोन कडव्यांनंतर त्याच्या आईने माझ्या हातून टाळ काढून घेतले, रागाने नव्हे, काम नीट व्हावं म्हणून, आणि मला कापूर लावायला सांगितलं.

आरती झाल्यावर त्याने विचारलं, ‘दीदी, कागज़ पर आज दस्तख़त है?’

मी म्हटलं, ‘आज नहीं. वकील साहब को एक बात और लिखनी है. तुम्हारा पूरा नाम चाहिए.’

त्याने हात पुसले, पंचांगाच्या मागच्या कोऱ्या जागेवर सावकाश नाव लिहिलं, आणि मग विचारून बापाचंही लिहिलं.